आजारी कोंबडीच्या पोटात काय चालतं?

कोंबडी आजारी आहे हे आपल्या लक्षात येतं तेव्हा तिचं दुखणं बहुधा जुनं झालेलं असतं. पिसं फुगवून, मान आत ओढून, शेपटी पाडून ती खुराड्याच्या कोपऱ्यात उभी दिसते आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "काल तर चांगली होती की!" काल ती चांगली असल्याचं दाखवत होती. दाणे टाकल्यावर बाकीच्यांबरोबर धावत आली, मान खाली घालून जमिनीवर चोचही मारत राहिली. नीट निरखलं असतं तर दिसलं असतं की घशाखाली काहीच उतरत नव्हतं.

या झाकण्याला कारण आहे. कोंबड्यांच्या कळपात कुणी कुणाला टोचायचं याची पक्की उतरंड असते. शंभर वर्षांपूर्वी थॉर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे या नॉर्वेच्या संशोधकाने ती पहिल्यांदा नीट मांडली. लहानपणापासून तो कोंबड्यांच्या वागण्याच्या नोंदी ठेवत आला होता. दुबळी पडलेली कोंबडी या उतरंडीवरून खाली घसरते. तिला दाण्यांवरून हुसकलं जातं, तिच्या तुऱ्यावर टोचा बसतात. शिवाय वर घार आणि कुंपणाशी मुंगूस टपलेले असतातच. म्हणून अंगात त्राण आहे तोवर ती दुखणं अंगावर काढते. ती उघड मलूल दिसू लागली की 'बघू उद्या' म्हणण्याइतका वेळ उरलेला नसतो. तिला कळपातून बाजूला काढावं, डालग्याखाली किंवा मोठ्या खोक्यात ऊबदार जागी ठेवावं आणि खाली जुनं वर्तमानपत्र अंथरावं. त्या कागदावर पुढच्या काही तासांत जे पडेल ते फार मोलाचं असतं. त्याकडे पुढे येतोच.

पहिली तपासणी बोटांनी होते. कोंबडीला कुशीत घेऊन, मान जिथे छातीला मिळते तिथे, तिच्या उजव्या अंगाला हलकेच चाचपलं की कातडीखाली एक पिशवी हाताला लागते. कोंबडीला दात नाहीत, त्यामुळे चावणं नाही. ज्वारीचा दाणा असो, गांडूळ असो की ताटातलं भाताचं शीत, सगळं अख्खंच गिळायचं आणि या पिशवीत साठवायचं. रानात राहणाऱ्या तिच्या पूर्वजांना उघड्यावर निवांत बसून खाणं परवडणारं नव्हतं. भराभर वेचायचं, पिशवी भरायची आणि झाडावर सुरक्षित जागी बसून सावकाश पचवायचं, ही त्यांची रीत. आपल्या परसातली गावरान कोंबडी आजही तेच करते. दिवेलागणीच्या आधी ती नेटाने दाणे टिपते, टम्म भरलेली पिशवी घेऊन खुराड्यात शिरते आणि रात्रभर पिशवीतला ऐवज थोडा थोडा खाली सोडत राहते.

अंडं देणाऱ्या कोंबडीच्या बाबतीत तर या रात्रपाळीला आणखी एक काम जोडलेलं असतं. अंड्याचं कवच तयार व्हायला सुमारे २० तास लागतात आणि त्यातला मोठा भाग अंधारात उरकला जातो. एका कवचाला दोनेक ग्रॅम कॅल्शियम लागतं. संध्याकाळी खाल्लेले शिंपल्यांचे आणि चुनखडीचे कण त्या वेळी पोटात हळूहळू विरघळत असतात, त्यातून हा पुरवठा होतो. पचन बिघडलेल्या कोंबडीने मऊ कवचाचं, बोटाने दबणारं अंडं घातलं तर नवल नाही. तिची रात्रपाळीच बंद पडलेली असते.

यातून निदानाची एक सोपी वेळ हाती येते, ती म्हणजे भल्या सकाळी, दाणे टाकण्याआधी. निरोगी कोंबडीची पिशवी तेव्हा रिकामी असते. चाचपली तरी जेमतेम लागते. संध्याकाळी भरलेली असताना दाणे बोटांखाली सरकतात, तेही ठीकच. पण पहाटेसुद्धा तिथे कणकेच्या घट्ट गोळ्यासारखं काही लागलं तर पिशवी तुंबली आहे. आणि लिबलिबीत, पाण्याने भरल्यासारखी लागली, चोचीजवळ नाक नेल्यावर आंबूस घाण वास आला, तर आतलं अन्न सडून आंबलं आहे.

आंबण्याची गोष्ट मोठी विलक्षण आहे, कारण निरोगी कोंबडीच्या पिशवीतही थोडं आंबणं सतत चालूच असतं. तिच्या आतल्या अस्तराला लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू चिकटून राहतात. दह्यातल्या जिवाणूंचे हे भाऊबंद. धान्यातल्या साखरेवर ते जगतात, लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणामुळे अनेक उपद्रवी जंतूंना तिथे पाय रोवता येत नाहीत. कोंबडीच्या पोटाची राखण अशी दारातच सुरू होते. पण अन्न पुढे सरकायचं थांबलं, दिवस दिवस तिथेच पडून राहिलं, की हा तोल जातो. कँडिडा नावाची बुरशी वाढते, अस्तरावर पांढरट थर चढतो, वायू धरतो. म्हणून नुसत्या बुरशीवर औषध देऊन भागत नाही. पुढची वाट का अडली, याचा शोध घ्यावाच लागतो.

पुढच्या वाटेवर दोन जठरं आहेत. पहिलं लहानसं, आम्ल आणि पाचकरस सोडणारं. दुसरं म्हणजे चिकनच्या दुकानात काळजाबरोबर मिळणारा तो 'पेठा'. कलेजी-पेठा आवडीने खाणाऱ्यांनी त्याची आतली पिवळी, खरखरीत, सोलून काढावी लागणारी साल पाहिलेली असेल. हा पेठा म्हणजे कोंबडीने पोटात बाळगलेलं जातं आहे. एक जाड आणि एक पातळ अशा स्नायूंच्या दोन जोड्या मिनिटाला दोन-तीनदा आवळतात आणि कोंबडीने मुद्दाम वेचून गिळलेले खडे त्यात दाणे भरडतात. ती पिवळी साल स्नायूंना आपल्याच खड्यांपासून आणि वरून येणाऱ्या आम्लापासून जपते, झिजते आणि पुन्हा तयार होते.

अठराव्या शतकात या पेठ्याने युरोपातल्या शास्त्रज्ञांना अक्षरशः थक्क केलं होतं. अन्न पोटात दळलं जातं की विरघळतं, असा वाद तेव्हा रंगला होता. फ्रान्सच्या रेओम्यूरने १७५२ साली पक्ष्यांच्या पचनावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. घारीला त्याने मांस भरलेल्या जाळीदार नळ्या गिळायला दिल्या. नळीमुळे मांसावर दाब पडणं शक्य नव्हतं, तरी ते विरघळून गेलं. म्हणजे रसांनी पचन होतं हे सिद्ध झालं. पण धान्य खाणाऱ्या पक्ष्यांच्या पेठ्याने तशाच धातूच्या नळ्या चेपून वाकवून टाकल्या. पुढे इटलीच्या स्पालान्झानीने टर्कीला सुया टोचलेले शिशाचे गोळे खाऊ घातले. सुया मोडून पडल्या आणि पेठ्याला इजा झालेली दिसली नाही. हे प्रयोग क्रूर होते आणि आज ते कुणी करू धजणार नाही. त्यांच्यामुळे कळलेली गोष्ट मात्र कोंबडीची शुश्रूषा करणाऱ्याला रोज उपयोगी पडते. खडे मिळाले नाहीत तर हे यंत्र अडतं. सिमेंटच्या फरशीवर किंवा पिंजऱ्यात बंद ठेवून अख्खं धान्य खायला घातलेल्या कोंबडीला दोन-चार मिलिमीटरचे खडे ताटलीत वेगळे द्यावे लागतात. परसात मोकळी फिरणारी कोंबडी ते स्वतः शोधते. अख्खे, जाडेभरडे दाणे खाणाऱ्या कोंबडीचा पेठा मोठा आणि बळकट होतो, तर बारीक पिठाच्या खाद्यावर वाढलेलीचा लहानच राहतो.

पण सुयांना न डरणारा पेठा लांब धाग्यापुढे हतबल होतो. सुतळी, पोत्याचे दोरे, गवताच्या लांब काड्या, प्लॅस्टिकच्या पिशवीचे तुकडे भरडले जात नाहीत, एकमेकांत गुंतत जातात. पावसाळ्यात गवत कोवळं लुसलुशीत वाढतं तेव्हा हा धोका अधिक. त्यातही एक बारकावा आहे. जमिनीत रुजलेलं गवत कोंबडी ओढून तोडते, त्यामुळे तिच्या तोंडी लहान तुकडा येतो. विळ्याने कापून खुराड्यात टाकलेलं गवत मात्र ती लांबच्या लांब गिळते. प्रेमाने घातलेला हा चारा कितीतरी कोंबड्यांच्या पिशव्या तुंबवतो. घालायचाच असेल तर मेथीसारखा बारीक चिरून घालावा किंवा जुडी बांधून टांगावी.

तुंबलेल्या पिशवीवर उपाय काय? दाणे आणि भाकरीचे तुकडे दिवसभर बंद ठेवायचे, पाणी मात्र सतत समोर हवं. चोचीच्या कडेला खाद्यतेलाचे दोन-चार थेंब लावायचे, ते ती स्वतः चाटून गिळते. दिवसातून तीन-चार वेळा, काही मिनिटं, बोटांच्या पेरांनी गोळा हलकेच कुस्करून मोकळा करायचा. जोर लावायचा नाही. एक-दोन दिवसांत गोळा लहान होताना जाणवला तर वाट मोकळी होते आहे. तसाच राहिला तर पशुवैद्य भूल देऊन पिशवीला लहानशी चीर देतात, आतलं काढतात आणि टाके घालतात. ती जखम सहसा चांगली भरून येते. हा उपाय घरी ब्लेडने करून पाहणारे लोक आहेत. कृपा करून तसं करू नका.

कोंबडीला उलटी धरून, पिशवी दाबून आतलं ओकवण्याचा सल्लाही अनेकदा ऐकू येतो. तो जिवावर बेतू शकतो. कारण कळण्यासाठी एकदा कोंबडीची चोच अलगद उघडून आत पाहा. जिभेच्या मुळाशी एक बारीक फट दिसेल, श्वासाबरोबर उघडमीट करणारी. ती श्वासनलिकेचं तोंड. आपल्या घशात श्वासनलिकेवर पडदा असतो, तसा तिला नाही. उलटून आलेलं आंबट पाणी थेट त्या फटीत शिरू शकतं. ड्रॉपरने भसकन ओतलेलं औषधसुद्धा तिथेच जातं. आणि पक्ष्याच्या छातीत गेलेलं पाणी फुप्फुसाशी थांबत नाही. फुप्फुसांना जोडलेल्या नऊ वायुपिशव्या पोटापर्यंत पसरलेल्या असतात. म्हणून पाणी थेंबाथेंबानेच, चोचीच्या बाजूला लावून द्यायचं, आणि प्रत्येक थेंबानंतर तिने मान वर करून गिळेपर्यंत थांबायचं. पाणी पिताना कोंबडी आभाळाकडे बघते ते याचसाठी. तिला आपल्यासारखं घोटून गिळता येत नाही, बरंचसं काम तिला पाण्याच्या वजनावर सोपवावं लागतं.

तिला धरतानाही हीच शरीररचना ध्यानात ठेवायला हवी. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड खालीवर हलवून ती श्वास घेते. छाती घट्ट आवळून धरली तर तोंड उघडं असूनही तिचा जीव गुदमरतो. बाजारात पायांना धरून उलट्या लटकवलेल्या कोंबड्या आपण रोज पाहतो. त्या अवस्थेत सगळ्या आतड्यांचा भार वायुपिशव्यांवर येतो. निरोगी कोंबडीलाही तसं धरू नये, आजारी कोंबडीला तर नाहीच.

आता ऊब. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सियस असतं, म्हणजे आपल्याला ज्याला कडकडीत ताप म्हणावं लागेल ते तिचं रोजचंच. ही भट्टी अन्नावर चालते. खाणं थांबलं की भट्टी विझू लागते, आणि अंग गार पडलं की आतड्यांची हालचाल आणखी मंदावते. म्हणजे न पचल्यामुळे खात नाही आणि न खाल्ल्यामुळे पचत नाही, अशा फेऱ्यात ती अडकते. तो फेरा बाहेरून तोडता येतो तो उबेने. खोक्याच्या एका टोकाला जुन्या पद्धतीचा, तापणारा दिवा सुरक्षित अंतरावर लावायचा किंवा गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवायची. दुसरं टोक मोकळं सोडायचं, म्हणजे जास्त झालं तर ती स्वतः सरकून बसेल. मला विचाराल तर आजारी कोंबडीला पहिल्या तासात देण्यासारखी याहून मोठी गोष्ट कुठल्याच बाटलीत नाही.

हगवण लागलेली असेल तर पाण्याबरोबर क्षारही वाहून जातात. इथे कोंबडीचं आतडं आणि आपलं आतडं एकाच युक्तीवर चालतं. आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असतं, ते सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत घेतं, आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. आतडं आजारी असतानाही हा दरवाजा बहुतेक वेळा चालू राहतो. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी, १९७१ साली, बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारोंचे प्राण वाचवले ते याच दरवाज्याच्या भरवशावर. आपल्या शरीरातली ही व्यवस्था उकिरडा उकरणाऱ्या कोंबडीच्या आतड्यातही आहे, हे मला दर वेळी नव्याने आश्चर्याचं वाटतं. फक्त कोंबडीला मीठ लवकर बाधतं. म्हणून घरचा अंदाजपंचे मीठ-साखरेचा प्रयोग न करता पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात मिळणारी कोंबड्यांची इलेक्ट्रोलाइट पावडर सांगितलेल्या मापाने द्यावी, आणि शेजारी साधं पाणीही ठेवावं.

आता त्या वर्तमानपत्राकडे येऊ.

निरोगी कोंबडीच्या विष्ठेचा तपकिरी-हिरवट गोळा असतो आणि वर पांढरी टोपी. ती पांढरी टोपी म्हणजे तिची लघवी. पक्ष्यांना मूत्राशय नसतं. शरीरातला नको असलेला नायट्रोजन आपण युरियाच्या रूपात, भरपूर पाण्यात विरघळवून टाकतो. कोंबडी तो युरिक आम्लाच्या पांढऱ्या लगद्यात बांधून टाकते. ही सोय तिला अंड्यात असल्यापासून लागते. कवचाच्या बंद खोलीत २१ दिवस राहणाऱ्या पिल्लाने विरघळणारा युरिया सोडला असता तर ते त्यातच विषबाधा होऊन गेलं असतं. न विरघळणारे युरिक आम्लाचे कण मात्र एका कोपऱ्यात निमूट पडून राहतात. पाणी वाचवण्याची तिची धडपड इथेच संपत नाही. मूत्रपिंडातून आलेला द्रव मागच्या द्वाराशी पोचल्यावर तिथलं आतडं उलट्या लाटांनी तो परत वर ढकलतं आणि त्यातलं पाणी व क्षार पुन्हा शोषून घेतं.

हा उलटा प्रवास संपतो तो दोन अंधनलिकांत. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर, वीतभर लांबीच्या, एका टोकाला बंद असलेल्या या दोन नळ्या. आपल्याकडे या जागी एकच आखूड पिशवी असते, कोंबडीच्या दोन आहेत आणि त्या अब्जावधी जिवाणूंनी गजबजलेल्या आहेत. न पचलेला चोथा तिथे आणखी कुजवला जातो. या नळ्या दिवसातून काही वेळा रिकाम्या होतात तेव्हा कागदावर चॉकलेटी, चिकट, भयंकर घाण वासाची विष्ठा पडते. नव्याने कोंबड्या पाळणारा माणूस ती पाहून घाबरतो, पण ती चांगल्या तब्येतीची खूण आहे. खुडूक बसलेली कोंबडी दिवसातून एकदाच उठते आणि मोठा, दुर्गंधी ढीग टाकते, तोही आजार नव्हे.

काळजी करावी अशा खुणा वेगळ्या. गर्द हिरवी, पातळ विष्ठा अनेकदा सांगते की पोटात अन्नच नाही, नुसतं पित्त उतरतं आहे. पक्ष्यांचं पित्त बिलिव्हर्डिन या द्रव्यामुळे हिरवं असतं, आणि काही जातींच्या अंड्यांना निळसर-हिरवी झाक देणारं द्रव्यही हेच. पांढऱ्या टोपीच्या जागी नुसतं पाणी पडत असेल तर उन्हाळ्यात जास्त पाणी प्यायल्यामुळे असेल किंवा मूत्रपिंडाची तक्रार असेल. मागची पिसं सतत बरबटलेली, कोंबडी कुंथते आहे आणि पोट खाली लोंबतं आहे, तर दुखणं आतड्याचं नसून अडलेल्या अंड्याचं असू शकतं. आणि रक्त दिसलं, विशेषतः दोन-तीन महिन्यांच्या तलंगांत, तर पहिला संशय रक्ती हगवणीचा.

रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होते. त्याची एक जात नेमकी त्या अंधनलिकांत शिरते आणि अस्तर फोडून बाहेर पडते, म्हणून रक्त. विष्ठेतून पडलेली त्याची बीजांडं उबदार ओलाव्यात एक-दोन दिवसांत संसर्गाला तयार होतात. पावसाळ्यात ओलं राहिलेलं खुराडं म्हणजे त्यांची शेतीच. या आजारावर अँप्रोलियम नावाचं औषध देतात, आणि ते कसं काम करतं याची कथा आपल्याला थेट जावा बेटावर घेऊन जाते.

१८८० च्या दशकाच्या अखेरीस बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, क्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टर बेरीबेरीचा जंतू शोधत होता. प्रयोगासाठी पाळलेल्या कोंबड्या अचानक लडखडू लागल्या, त्यांना दांडीवर बसवेना, मग त्या आडव्या पडू लागल्या. जंतू काही सापडेना. आणि काही महिन्यांनी कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीत कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला पांढरा, पॉलिश केलेल्या तांदळाचा भात घातला जात होता. मग नवा आचारी आला, त्याने लष्कराचा तांदूळ बिगरलष्करी कोंबड्यांना द्यायला नकार दिला, आणि हातसडीचा साधा तांदूळ पोटात जाताच त्या उभ्या राहिल्या. आइकमानला वाटलं, तांदळात विष आहे आणि कोंड्यात त्याचा उतारा. त्याचा सहकारी गेरिट ग्रिन्स याने १९०१ साली खरा अर्थ लावला: कोंड्यात असं काही आहे, ज्याच्यावाचून मज्जातंतू चालत नाहीत. ते द्रव्य १९२६ साली बटाव्हियातच तांदळाच्या कोंड्यातून वेगळं काढलं गेलं. आज आपण त्याला थायमिन किंवा 'ब-१' जीवनसत्त्व म्हणतो. आइकमानला १९२९ चं नोबेल मिळालं. काही आजारी कोंबड्यांकडे नीट पाहिल्यामुळे जीवनसत्त्वांचं शास्त्र उभं राहायला मदत झाली.

अँप्रोलियमचा रेणू या थायमिनसारखाच दिसतो. आयमेरियाला वाढायला थायमिन लागतं. हा तोतया रेणू त्याची जागा अडवतो आणि परजीवी उपाशी मरतो. कोंबडीच्या पेशी या फसवणुकीला तितक्या सहज बळी पडत नाहीत. म्हणूनच हे औषध चालू असताना 'शक्तीसाठी' म्हणून ब-जीवनसत्त्वाचं टॉनिक एकाच वेळी पाजलं तर औषधाचा जोर कमी होतो. मात्रा पशुवैद्यांनाच विचारावी. माणसांची उरलेली अँटिबायोटिक गोळी कुटून देणं मात्र पूर्णपणे चुकीचं आहे. तिचा अंश अंड्यातून घरच्या मुलांच्या पोटात जातो आणि जंतू औषधाला निर्ढावतात. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटचा आधार असलेलं औषध कोंबड्यांना देण्यावर भारत सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली ती याच भीतीने.

जिवाणूंबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९७३ साली फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला या संशोधकांनी दाखवून दिलं की यंत्रात उबवलेल्या पिल्लांना निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू पाजले तर साल्मोनेलाची लागण होण्यापासून त्यांचा मोठा बचाव होतो. चांगल्या जिवाणूंनी जागा आधीच व्यापली की वाईटांना थारा उरत नाही. आपल्या परसात खुडूक कोंबडी पिल्लांना घेऊन माती उकरत हिंडते, तेव्हा दाणा कसा टिपायचा याबरोबर ही राखणदारांची फौजही त्यांना देत असते. दुखण्यातून उठणाऱ्या कोंबडीला भिजवलेल्या कण्यांत चमचाभर ताजं दही कालवून देण्यात म्हणूनच अर्थ आहे. दूध मात्र नको, त्यातली साखर तिला पचत नाही. पातळ पेज, कुस्करलेलं उकडलेलं अंडं, असं थोडं थोडं द्यावं आणि पिशवी रिकामी होते आहे याची खात्री करत वाढवत न्यावं.

पोट किती सुधारलं हे पायांवरही दिसतं. ज्या कोंबड्यांचे पाय पिवळे असतात त्यांचा तो रंग मक्यातून आणि हिरव्या पाल्यातून येतो आणि आतड्यानेच तो शोषलेला असतो. आतडं बिघडलं की पाय फिके पडतात. भरपूर अंडी घालणारीचेही पडतात, तेव्हा तुऱ्याचा लाल रंग आणि वजनही बघावं. या पिवळेपणाची आणखी एक नवलाई आहे. कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण २००८ साली स्वीडनच्या उपसाला विद्यापीठातील संशोधकांनी दाखवलं की पिवळ्या कातडीचं जनुक आलं आहे ते करड्या रानकोंबड्याकडून. तोच, जो आजही सह्याद्रीच्या झाडीत पहाटे आरवतो. जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्या दख्खनच्या रानाचा हा वारसा घेऊन चालतात.

काही दुखण्यांत मात्र घरची शुश्रूषा करत बसायचं नसतं. हिरवी हगवण, धाप, आणि मान वेडीवाकडी पिळवटलेली दिसली तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. १९२७ साली कुमाऊंमधल्या राणीखेतला आपल्याकडे तिची नोंद झाली म्हणून हे नाव. ती विषाणूने होते, तिच्यावर औषध नाही, पण लस आहे. पिल्लाच्या पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब आणि पुढे दोनेक महिन्यांनी टोचणी. आणि एकाएकी अनेक कोंबड्या मरू लागल्या तर उघड्या हाताने त्यांना शिवू नये, विकू नये, नदीत टाकू नये. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबारच्या नवापुरात सापडला होता, हे महाराष्ट्राने विसरून चालणार नाही. अशा वेळी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला ताबडतोब कळवावं किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करावा. एरवीही आजारी कोंबडीला हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि तिची भांडी आणि तिच्याकडे जाताना घालायची चप्पल वेगळी ठेवावी.

ज्यांच्या परसात कोंबड्या आहेत त्यांना एकच विनंती. आठवड्यातून एकदा तरी, पहाटे खुराडं उघडल्यावर दाणे टाकण्याआधी, एकेकीला हातात घेऊन पिशवी चाचपा. रिकामी पिशवी कशी लागते हे बोटांना आधीच ठाऊक असेल, तर भरून राहिलेली पिशवी पहिल्याच दिवशी कळेल, आणि पहिल्या दिवशी कळलेलं तुंबणं बहुतेक वेळा पाणी, तेलाचे थेंब आणि उबेवर निभावतं.